हामुरोची सही

“आजी, ही सही खोटी आहे,” असं म्हणून तोकुनागानं भिंग बाजूला ठेवलं आणि तो पांढरा चौकोनी पुठ्ठा हलकेच तिच्याकडे सरकवला.

ती सही होताना फुसाएनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

हामुरो एइकिची तिचा नवरा. कोकुराच्या बेसबॉल संघाचा गोलंदाज, एके काळी अख्ख्या शहराचा लाडका. मागच्या हिवाळ्यात तो गेला. ज्या बंदरावर तो लहानाचा मोठा झाला, तिथल्या सभागृहात आता त्याच्या नावाचं एक काचेचं कपाट होणार होतं. आत ठेवायला त्याची सही हवी होती, आणि सहीबरोबर जाणकाराचा दाखला. हामुरोच्या सह्या ओळखाव्यात त्या बाजारातल्या तोकुनागानं, असं सगळेच म्हणत. त्याच्या सह्यांच्या दुकानात शिरताना फुसाएनं आपलं नाव सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यानं न बघताच दाखला लिहून दिला असता. तसा तिला नको होता.

“कशावरून खोटी?”

“हे बघा ना.” तोकुनागानं भिंतीवरचा एक पुठ्ठा काढून शेजारी ठेवला. “ही खरी. रेघ कशी एका दमात खाली उतरते! आणि ही? शाळेतल्या पोरानं गिरवल्यासारखी. मध्येच अडकलाय, पुन्हा पेन टेकवलंय. ज्यानं कुणी केली त्याला नक्कलसुद्धा धड जमली नाही. कितीला घेतलीत?”

“फुकट मिळाली.”

“तेवढंच नशीब.”

फुसाए पुठ्ठा रुमालात बांधू लागली. तिची बोटं गाठीवरच घुटमळत राहिली. तोकुनागाला राहवलं नाही.

“कुणासाठी हवी होती?”

“बंदरावरच्या सभागृहासाठी. ह्या महिन्यात तिथं हामुरोंचं कपाट उघडतंय.”

तो उठून आतल्या खोलीत गेला आणि काचेच्या चौकटीत बसवलेला एक पुठ्ठा घेऊन आला. काचेवरची धूळ त्यानं बाहीनं पुसली.

“हा घेऊन जा. दाखला देतो. पैसे नकोत. इतकी वर्षं मी एकटाच बघतोय, आता गावानं बघावा.” जरा थांबून तो म्हणाला, “दहा वर्षांचा होतो मी. हामुरोसान लोकांसमोर पेन हातात धरायचे नाहीत. चेंडू टाकायचा हात दुसऱ्या कामाला लावायचा नाही, असा बाणा! पुठ्ठे मैदानाच्या फाटकावर द्यायचे, दुसऱ्या दिवशी सही होऊन यायचे. त्या दिवशी धो धो पाऊस. मी शाळेतून तसाच आलेलो, उपाशी. वडील नुकतेच गेले होते, आई कामावर. जेवलास का म्हणून विचारणारं घरी कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा हातात पडला, तर सहीखाली हे.”

सहीखाली लिहिलं होतं : ‘पावसात उभा राहू नकोस. आधी जेव, मग ये.’

“एवढ्या गर्दीत त्यांनी मला पाहिलं होतं, आजी! दुसऱ्या कुणाच्या पुठ्ठ्यावर सहीशिवाय एक अक्षर सापडायचं नाही.”

चौकट उचलून निघून जाणं सोपं होतं. गावाला सही मिळाली असती आणि ह्या माणसाचा हामुरो तसाच राहिला असता. पण दवाखान्यातल्या खाटेवर नवऱ्यानं पेन मागितलं होतं, ते तिला आठवलं. कितीतरी पुठ्ठे फाडून टाकल्यावर त्याच्या मनासारखा हा एक झाला होता. ‘एकदा तरी माझं अक्षर लोकांना दिसू दे,’ असं तो म्हणाला होता.

“त्यांनी नव्हतं पाहिलं तुम्हाला,” ती म्हणाली. “पुठ्ठा भिजून फुगला होता. मला वाटलं, पुठ्ठ्याची ही गत, तर पोराची काय झाली असेल.”

तोकुनागा तिच्याकडे बघतच राहिला.

“आमचे हे कोळ्याचं पोर. शाळा अर्धवट सुटलेली,” फुसाए सांगू लागली. “पहिल्याच वर्षी ह्यांच्या सहीला लोक हसले. त्यानंतर पुठ्ठे घरी यायला लागले. भात शिजत ठेवायचा आणि तो होईपर्यंत मी सह्या करायच्या.”

“सगळ्या?”

“ही सोडून.” तिनं रुमालावर हात ठेवला.

तोकुनागानं भिंतीवर नजर फिरवली. त्याच्या शिक्क्याचे दाखले शहरात घरोघरी होते. त्याला हसू आलं, पण ते मध्येच फिसकटलं आणि त्यानं बाहीनं डोळे पुसले.

“आता एकेकाला फोन करत बसावं लागणार.”

“म्हणूनच सांगणार नव्हते.”

“नाही, बरं केलंत, वहिनी.”

त्यानं रुमालाची गाठ स्वतः सोडली. ती वेडीवाकडी सही त्यानं पुन्हा पाहिली, ह्या वेळी भिंग न लावता. मग दाखला लिहिला : ‘हामुरो एइकिची यांच्या स्वतःच्या हातची सही.’ त्यावर शिक्का दाबून धरला, तो जरा जास्तच वेळ.

मग त्यानं चौकट उघडली, जुना पुठ्ठा बाहेर काढून तिच्यासमोर ठेवला आणि पेन पुढं केलं.

“हा आता मी देत नाही. पण लिहिणारीची सही राहिलीय ह्याच्यावर.”

फुसाएनं पेन घेतलं. हात पुठ्ठ्यावर नेला आणि ती तिथंच थांबली.

“मला माझी सहीच नाही हो,” ती संकोचून म्हणाली. “कधी लागलीच नाही.”