एक कादंबरी, एक माहितीपर

“एक कादंबरी आणि एक माहितीपर, असा नियम आहे वहिनी,” ग्रंथपाल म्हणाले. कुमुदताईंनी नवऱ्याला विष घालणाऱ्या बाईची कादंबरी घेतली आणि परसातल्या विषारी झाडांवरचं सचित्र पुस्तक. मागे पिशवी धरून उभ्या असलेल्या त्यांच्या नवऱ्याने, मुकुंदरावांनी, दोन्ही पुस्तकांची नावं पुन्हा एकदा वाचली.

जन्मात गॅस न पेटवलेले मुकुंदराव दुसऱ्या दिवसापासून स्वतःच चहा, आमटी, भाजी करू लागले. बायकोला ते स्वयंपाकघराकडे फिरकूही देईनात.

आठवड्याने दोघं पुस्तकं परत द्यायला गेले.

“कशी वाटली?” ग्रंथपालांनी विचारलं.

“उघडली कुठे? नुसती टीपॉयवर ठेवली, तर स्वयंपाक सुटला माझा,” कुमुदताई म्हणाल्या. “आता भांडी तेवढी राहिलीत. काही सुचवा.”

“सुतारकामाचं नवीन आलंय. करवतीची चित्रं फार सुबक आहेत.”

मुकुंदरावांनी सगळं ऐकलं, आणि तरीही भांडी घासायला तिथेच बाह्या सरसावल्या.