टाकीच्या तोंडाशी

रोशनने एक पाय टाकीत सोडला आणि त्याच क्षणी त्या बाईने मागून त्याच्या कमरेला मिठी मारली. दोघेही ओल्या फरशीवर आडवे झाले. तो धडपडत उठला. ती त्याच्यामागे फरफटत आली, पण हात सुटले नाहीत.

"बबन आहे आत," रोशन ओरडला. "सोड मला."

तिने सोडलं नाही.

आत बबन पडला होता. रोशनचा जोडीदार. दोघं मैला उपसायची गाडी घेऊन सकाळीच खारी गावात सलोनीच्या घरी आले होते. कालपासून तिच्या मोरीतून घाण उलटी वर येत होती. सासरे अंथरुणाला खिळलेले, उद्या घरात पूजा, पाहुणे यायचे. गाडी गल्लीत शिरेना, म्हणून नाक्यापासून पाइप ओढून आणला. पातळ होतं ते सगळं ओढून झालं. तळाचा गाळ मात्र दगडासारखा बसला होता, तो काही हलेना. बबनने सांगितलं, उद्या प्रेशरचं मशीन आणतो, त्याशिवाय हे निघायचं नाही.

सलोनीने हात जोडले. टाकीत माणूस उतरवायचा नसतो, हे तिला माहीत होतं. 'उतर' असं ती म्हणालीही नाही. आजच काहीतरी करा, आजच काहीतरी करा, एवढंच ती म्हणत राहिली. शेवटी बबन फावडं घेऊन उतरला. थोडा वेळ खालून त्याचा आवाज येत होता. मग फावडं वाजायचं थांबलं. रोशनने हाका मारल्या. उत्तर आलं नाही.

ही बाई त्या दोघांबरोबर गाडीवरून आली होती. काम झालं की पाइप धुवायचा, अंगण साफ करायचं, हे तिच्याकडे. सकाळपासून ती कुणाशी फारसं बोललीच नव्हती. आता ती रोशनच्या पाठीला चिकटली होती आणि तिच्या दोन्ही हातांची बोटं त्याच्या पोटावर एकमेकांत अडकली होती.

सलोनीने अग्निशमन दलाला फोन लावला. गाडी निघाली, असं त्यांनी सांगितलं. कुणीतरी कपडे वाळत घालायची दोरी आणून आत सोडली. दोरी बबनच्या खांद्यावर पडली. त्याने ती धरली नाही.

भिंतीपलीकडून माणसं गोळा झाली. समोरच्या इमारतीतल्या हंसाबेन नाकाला रुमाल लावून पुढे आल्या. "अपना बेटा है, इसलिए पकडके बैठी है," त्या म्हणाल्या. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

सलोनीलाही तेच वाटत होतं. आईच असणार ही रोशनची. दुसरं कोण असं धरून ठेवील? आणि तिला त्या बाईचा भयंकर राग आला. खाली पडलेल्या माणसाला आपणच उतरायला लावलं, ही गोष्ट तिला सोसवत नव्हती. कुणीतरी त्याला वर काढायला हवं होतं. काढणारा समोर होता. ही मध्ये होती.

रोशनने कोपर मागे हाणलं. बाईचा ओठ फुटला. रक्त हनुवटीवरून गळ्यापर्यंत आलं, तरी तिने ते पुसायलासुद्धा हात काढला नाही.

"आत गॅस हाय," ती एवढंच म्हणाली. "जाशील तर तिथंच ऱ्हाशील."

सलोनी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि तिची बोटं सोडवू लागली. एक बोट उचकटलं की दुसरं घट्ट व्हायचं.

"तुमचा मुलगा वर आहे म्हणून धरून बसलात," सलोनी रडत म्हणाली. "खाली आहे तोही कुणाचा तरी मुलगाच आहे ना?"

बाईने तिच्याकडे पाहिलं. टाकीकडे तर तिने एकदाही मान वळवली नव्हती. तिने डोळे मिटले, गाल रोशनच्या पाठीवर दाबला आणि पकड आणखी आवळली. हळूहळू रोशनची ताकद संपली. तो नुसताच हुंदके देत राहिला.

अग्निशमन दलाची गाडीही गल्लीबाहेरच अडली. जवान धावत आले. तोंडाला मास्क, पाठीवर सिलिंडर लावून एक जण आत उतरला. बबनला दोरीला बांधून वर काढलं. फरशीवर झोपवून त्याची छाती दाबली, पुन्हा पुन्हा दाबली. मग दाबणारा थांबला. त्याने मानेला हात लावून पाहिलं आणि नकारार्थी डोकं हलवलं.

तेव्हा कुठे त्या बाईचे हात सुटले. बोटं आखडली होती. ती सरळही होईनात. बाई गुडघ्यांवर सरकत बबनजवळ गेली. पदराने त्याच्या तोंडावरचा चिखल पुसू लागली, आधी डोळे, मग नाक, मग कान.

जवानाने विचारलं, याच्या घरचं कुणी आहे का इथे.

"मी हाय," ती म्हणाली. "आई त्याची."

हंसाबेननी रुमाल खाली घेतला. सलोनीने भिंतीला टेकून बसलेल्या रोशनकडे पाहिलं.

"मग हा?" तिने कसंबसं विचारलं.

बाई पुसतच राहिली. "त्याची आई गावाला हाय. पोराला माज्या भरवशावर धाडलंय तिनं."