विहीणबाईंच्या पिशव्या

पिशवीत चारच बदाम निघाले.

एवान्थियाने दुसरी पिशवी सोडली. तिच्यातही चार. तिसरीतही. साखरेचं पांढरं कवच चढवलेले ते बदाम तिने टेबलावर ओळीने मांडले आणि बोट टेकवून पुन्हा मोजले. अकरा पिशव्या उघडून झाल्यावर ती थांबली. एखादी पिशवी चुकू शकते. सलग अकरा चुकत नाहीत.

सगळ्या गाठी एकाच हातच्या होत्या. दुहेरी, घट्ट, निळ्या फितीची दोन्ही टोकं मोजून सारखी कापलेली. अशी गाठ पोलिक्सेनीची, नवऱ्या मुलाच्या आईची.

"बांधायचं सोडून सोडत काय बसलीयस?" फ्रोसो, तिची थोरली बहीण, कागदी होडीवर शिंपला चिकटवत म्हणाली. "परवा लग्न आहे मुलीचं!"

"ताई, चार आहेत. सगळ्यांत चार."

फ्रोसोच्या हातातला शिंपला डिंकासकट मांडीवर पडला. तिने डाव्या खांद्यावरून तीनदा थू-थू केलं. "गेल्या शंभर वर्षांत आपल्या व्होलोसमध्ये वैऱ्याच्या मुलीलाही कुणी मुद्दाम चार बदाम दिले नसतील."

ग्रीक लग्नात पाहुण्यांना वाटायच्या पिशवीत बदाम पाच असतात. पाचाचे दोन सारखे वाटे होत नाहीत, म्हणून. एवान्थियाच्या स्वतःच्या लग्नात शेवटच्या वीसेक पिशव्यांना बदाम कमी पडले होते आणि तिच्या आईने चार-चार भरून वेळ मारून नेली होती. सातव्या वर्षी नवरा निघून गेला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही हे एवान्थियाला कळत होतं. तरी या वेळी तिने दोन किलो बदाम जास्त आणले होते. लेकीचा, मिर्तोचा संसार टिकला पाहिजे, एवढंच तिला हवं होतं. आणि बदाम कमी पडले नव्हते. जास्तीचा डबा फडताळात भरलेलाच होता.

तिने गेल्या आठवड्याची टोपली ओढली. त्यातल्या विहीणबाईंच्या पिशव्यांत पाचच होते. चार होते ते फक्त बुधवारनंतरच्या पिशव्यांत.

मिर्तोला समुद्राचं लग्न हवं होतं. भिंतींवर मासेमारीची जाळी, टेबलांवर निळ्या होड्या, प्रत्येक पिशवीला एक शिंपला, आणि सगळं घरी केलेलं. तीन आठवडे रोज दुपारी दोघी बहिणी आणि विहीणबाई जेवणाच्या टेबलाभोवती बसत होत्या. विहीणबाई कमी बोलायच्या. नवऱ्याचा फोन आला की ताडकन उभ्या राहायच्या आणि उभ्यानेच सांगायच्या: कुठे आहेत, सोबत कोण आहे, किती वाजता निघतील. 'नाक वर आहे बाईचं,' असं फ्रोसोने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं.

बुधवारी काय झालं होतं? काहीच नाही. नवरा मुलगा, आर्गिरिस, जाळी पोचवायला आला होता. जाता जाता त्याने मिर्तोने केलेली एक होडी उचलली.

"ही तिरकी आहे."

त्याने होडी उलगडली, कागद सपाट केला आणि मिर्तोसमोर ठेवला. "पुन्हा कर. मला घाई नाही." मिर्तो हसली, तिने पुन्हा केली. त्याने पुन्हा उलगडली. चौथ्या वेळी ती हसत नव्हती. तो हात मागे बांधून शेजारी उभा होता, आवाज अगदी शांत. किती टापटिपीचा मुलगा आहे, असं तेव्हा एवान्थियाच्या मनात आलं होतं. पोलिक्सेनी मान खाली घालून पिशव्या भरत होती.

पाच वाजता दारावरची घंटा वाजली.

"मी बोलते," फ्रोसो म्हणाली.

"नको. तू बोललीस तर शेजारचे पोलीस बोलावतील."

पोलिक्सेनी आत आली. टेबलावर मांडलेल्या बदामांच्या ओळी तिने पाहिल्या.

"मोजता येत नाही का तुम्हाला?" फ्रोसोला राहवलं नाही.

"येतं."

"म्हणजे मुद्दाम केलंत!" एवान्थियाचा आवाज चढला. "विहीणबाई, माझी पोर पसंत नव्हती तर साखरपुड्यालाच सांगायचं होतं. हे असलं करायचं? तिचा संसार मोडावा असं वाटतं तुम्हाला?"

"मिर्तो घरात आहे?"

"नाही. केसांची वेळ ठरवायला गेलीय. विषय बदलू नका."

पोलिक्सेनीने दार लावून घेतलं. मग ती खुर्ची ओढून बसली, हातातल्या पर्सचा बंद पिळत.

"मिर्तो मला आवडते," ती म्हणाली. "फार आवडते. बुधवारपासून रोज येताना ठरवते, आज बोलायचं. इथे बसले की तोंड उघडत नाही. हात तेवढे चालतात. वाटलं, तुम्ही सारख्या मोजता, एखादी तरी सोडून बघालच."

"आणि बघून काय करायचं?"

"तिला सांगायचं, हे लग्न करू नको. माझ्याकडून नाही, तुमच्याकडून ऐकेल ती. माझ्या लग्नातल्या पिशव्यांत पाच होते, विहीणबाई. एकतीस वर्षं झाली, सुटले नाही." तिने बंद दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "आणि आर्गिरिस बापावर गेलाय."