गाठ बघायची राहिली

तळ्याकाठच्या ग्रॅनाइटच्या कड्यावर नवरा चाळीस फूट वर पोचला, तेव्हा कुठे खाली दोरी धरून उभ्या असलेल्या बायकोच्या लक्षात आलं, की आज गाठी बघितल्याच नाहीत.

कड्यातले गंजलेले बोल्ट काढून नवे बसवायचं काम दोघं एकवीस वर्षं करत होती. तो चढायचा, ती खालून दोरी सांभाळायची. पाय उचलण्याआधी एकमेकांची गाठ ओढून बघायची, हा त्यांचा नेम. हा नेम अंगात ताप असताना चुकला नाही, घरातल्या भांडणातही चुकला नाही. पण भांडण निराळं आणि अबोला निराळा. तिला न विचारता त्याने आणखी एका हंगामाचं काम अंगावर घेतलं होतं. तिच्या खांद्यांनी केव्हाच हात टेकले होते, आणि त्याचे गुडघे तरी कुठे सोन्याचे होते.

वाऱ्याने त्याचं जाकीट उडालं. कमरेखाली दोरीचं टोक लोंबत होतं, चांगलं हातभर. गाठ अर्धीच मारलेली होती.

ओरडावं तर तो दचकणार. गप्प राहावं तर नेहमीसारखा सगळा भार दोरीवर टाकून मागे रेलणार.

"दोरी ताण," वरून आवाज आलाच.

"अहो," ती म्हणाली. दूध उतू जातंय, जरा गॅस बंद करा, म्हणावं इतक्या साध्या आवाजात. सकाळच्या भांडणानंतरचा हा पहिला शब्द. "रेलू नका. आधी कमरपट्ट्याची कडी काल बसवलेल्या बोल्टात अडकवा."

"कशाला?"

"एकदा तरी सांगितलेलं ऐका."

कडी वाजली. "अडकवली," तो कुरकुरला.

"आता गाठ बघा."

त्याने मान खाली घालून कमरेकडे बघितलं. तळ्याच्या पलीकडे कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं. मग त्याची कोपरं हलू लागली, सावकाश, पहिल्यांदाच बुटाची नाडी बांधणाऱ्या पोरासारखी.

काम तसंच टाकून तो उतरला आणि तिच्या पायाशी दगडावर बसला.

"म्हातारा झालो मी."

"सकाळी मी दुसरं काय सांगत होते?"

"उद्या कळवतो काम देणाऱ्यांना. दुसरं कुणी बघा म्हणावं."

हेच तर तिला हवं होतं. पण आनंद व्हायलाही अंगात थोडी ताकद लागते, ती आता नव्हती.

"सोड दोरी," तो म्हणाला.

तिलाही सोडायची होती. बोटं उघडेनात. त्याने तिची मूठ हातात घेतली आणि एकेक बोट सोडवलं.

"मी अजून बोलत नाहीये तुमच्याशी," ती म्हणाली, आणि दुसरी मूठ पुढे केली.