गाववाला

"अरे, ती तुझ्याशी बोलतेय," ओटिलीने नवऱ्याला कोपराने डिवचले.

कास्पर लिंडहोर्स्ट सभागृहाच्या मंचावर उभा होता. छातीवर शौर्यपदक होते आणि हातांवर घडी घातलेला एक जीर्ण ध्वज. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेकडून लढताना त्याने तो दक्षिणेच्या सैनिकाच्या हातून हिसकावून आणला, असे मानपत्रात म्हटले होते. विस्कॉन्सिनमधल्या त्या जर्मन गावात शाळकरी पोरांनाही ते पाठ होते. आता, चाळीस वर्षांनी, जिंकलेले ध्वज परत करायचे ठरले होते. समोरची वृद्धा तो न्यायला टेक्सासहून आली होती. ध्वजासह पडलेला एमिल हा तिचा धाकटा भाऊ. तीही जर्मनच, इंग्रजी तिला येत नव्हते.

"शेवटी काही बोलला का हो तो?" तिने पुन्हा विचारले.

युद्धावरून परतल्यापासून कास्परच्या तोंडून मायबोलीचा एक शब्द निघाला नव्हता. ओटिलीने जर्मनमध्ये भांडावे आणि त्याने इंग्रजीत उत्तर द्यावे, असाच संसार झाला होता. "पदकाबरोबर सरकारने जीभही नवी दिली वाटतं," असा टोमणा ती मारी. तो उठून गोठ्यात जाई. आज तो गप्प राहिला, तर ही बाई भावाच्या एका शब्दावाचून परत जाणार होती.

"तू इंग्रजीत बोल," ती कुजबुजली, "मी सांगते तिला."

कास्परने नकारार्थी मान हलवली. मग तो बोलला, आणि जर्मनमध्येच बोलला. उच्चार विशीतल्या पोराचे होते. ती भाषा त्याच्याबरोबर म्हातारी व्हायची राहून गेली होती.

"धूर इतका, की कोट आमचा निळा की तुमचा करडा ते कळेना. मी ठेचकाळलो आणि आपल्या भाषेत आईचं नाव घेऊन ओरडलो. शेजारी कुणीतरी हसलं. म्हणाला, 'अरे, हा तर गाववाला निघाला. हे जरा धर बाबा, बुटाचा बंद सुटलाय.' तो खाली वाकला, आणि आमच्या बाजूने बार झाले."

कास्परने ध्वज म्हातारीच्या हातांवर ठेवला.

"जरा धर म्हणाला होता, ताई. परत घ्यायला उठलाच नाही."