डावी शिवण

शिलाईवाल्या मावशींनी स्वतःच्या ब्लाउजची डावी शिवण महिन्याभरात तिसऱ्यांदा उसवून सैल केली. "मेलं कापडच आटलंय," त्या पुटपुटल्या. ऐकायला घरात दुसरं होतं कोण!

कपडे शिवायला टाकायला आलेल्या निवृत्त नर्सबाईंनी ती शिवण बरोबर हेरली. "कापड एकाच बाजूनं आटतं होय? हाताला गाठ लागते का?"

"लागते. पण दुखत कुठं!"

"दुखत नाही म्हणूनच बायका उशीर करतात. उद्याच दाखवा."

दुसऱ्या दिवशी मावशी एकट्याच दवाखान्यात गेल्या. तपासताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हात वर करा बघू."

माप घेताना जन्मभर मावशींनी हेच प्रत्येकीला सांगितलं होतं. त्यांचं माप मात्र आजवर कुणी घेतलं नव्हतं. हात वर करायला त्यांना जरा वेळच लागला.