डॉमिनो म्हणजे मालक

बुद्धप्रियाला मोहोळच्या एसटीत बसवल्याचं वॉर्डनबाईंनी फोनवर कळवलं, तेव्हा उदयसिंहराव सकाळचा चहा घेत होते.

"खिडकीतून हात हलवत होती, सर. हसत होती."

"हसू द्या," म्हणत त्यांनी फोन ठेवला.

सोलापुरातलं ते मुलींचं कॉलेज त्यांच्या वडिलांनी काढलेलं. आता अध्यक्ष ते. वसतिगृहाचं फाटक सहाला बंद व्हायचं आणि किल्ली उदयसिंहरावांच्या खिशात जायची. गेल्या महिन्यात अक्कलकोटकडची नागम्मा पोटदुखीनं गडाबडा लोळत होती. अँब्युलन्स फाटकाबाहेर, नागम्मा आत आणि उदयसिंहराव सांगोल्याला लग्नात. शेवटी मुलींनी तिला चादरीत घालून भिंतीवरून उतरवलं. अपेंडिक्स फुटलं होतं. पोरगी वाचली, एवढंच.

त्यानंतर ते पाहणीला आले तेव्हा बुद्धप्रियानं त्यांना भर वर्गात विचारलं, "सर, किल्ली वसतिगृहातच ठेवली तर काय बिघडेल?"

"इथं मालक कोण आहे?" त्यांनी उलट विचारलं.

तिनं स्नेहसंमेलनासाठी एक कार्यक्रम बसवायला घेतला, 'डॉमिनो: एका शब्दाची गोष्ट'. प्राचार्यांनी तालीम ऐकली आणि घाम पुसत अध्यक्षांकडे आले. कार्यक्रम रद्द झाला. बुद्धप्रियाला घरी पाठवायचं ठरलं.

"कुणाला बसवलं एसटीत?" त्यांच्या बायकोनं, मनकर्णानं, किटली खाली ठेवत विचारलं.

"त्या बुद्धप्रियाला. लई बोलती."

"परीक्षा तोंडावर आलीय की तिची."

"घरी बसून करील अभ्यास."

"मलाबी असंच सांगितलं होतं," मनकर्णा म्हणाली.

उदयसिंहराव पेपर शोधत होते. लग्न झालं तेव्हा बायको बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, हे त्यांच्या ध्यानातही राहिलं नव्हतं.

"संध्याकाळी येणार का स्नेहसंमेलनाला?"

"माझं काय काम तिथं?"

हे उत्तर त्यांना आवडलं.

संध्याकाळी सभागृह गच्च भरलं होतं. दोन नाच झाले, एक नाटुकलं झालं. मग निवेदन करणारी मुलगी माइकपाशी आली आणि एकच शब्द बोलून गेली, "डॉमिनो."

प्राचार्य खुर्चीत ताठ झाले. "रद्द केला होता, सर. मी स्वतः केला होता."

पडदा सरकला. काळा, पायघोळ, टोपी असलेला झगा. डोळ्यांवर काळा मुखवटा. कर्ण्यातून घुमणारा खणखणीत आवाज.

"डॉमिनो. या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला धनी आहे. मालक. युरोपातले पाद्री थंडीत असा झगा घालत, त्याला हे नाव पडलं. पुढे हौशी लोक तोच झगा आणि असा मुखवटा घालून नाचायला जाऊ लागले. राणी कोण, दासी कोण, कुणालाच ओळखू येईना. मग ठिपक्यांच्या सोंगट्यांना तेच नाव मिळालं. का मिळालं, यावर जाणकारांचं एकमत नाही. कुणी म्हणतं, त्यांची काळी पाठ या झग्यासारखी दिसायची. कुणी म्हणतं, जिंकणारा ओरडायचा, डॉमिनो! म्हणजे आता मी मालक."

मुली हसल्या. टाळ्या पडल्या.

"आपल्याकडचा मालक कोण, ते आपल्याला सांगितलेलं आहे. नागम्मा फाटकाच्या आत तडफडत होती, तेव्हा मालक सांगोल्यात पंगतीला बसले होते."

"माइक बंद करा!" उदयसिंहराव ओरडले. माइकवाला जागचा हलला नाही.

"सोंगट्या रांगेत उभ्या केल्या आणि एक ढकलली, तर साऱ्या पडतात. त्यालाही डॉमिनोच म्हणतात. पण पहिलीला हात लावायला कुणीतरी लागतं. म्हणून मी आलेय."

पहिल्या रांगेतून नागम्मा पोटावर हात धरून उठली. तिच्या शेजारची उठली. मग ती रांग, मागची रांग. कुणी घोषणा दिली नाही. नुसत्या उभ्या राहिल्या.

उदयसिंहरावांनी बुद्धप्रियाच्या बापाला, नवनाथला फोन लावला. "पोरगी परत आलीच कशी इकडं?"

"कुटं परत आली? हितंच हाय की, साहेब. माज्या म्होरं बसून जेवतीया. बोलता का?"

फोनवर बुद्धप्रियाचा आवाज आला. "नमस्कार सर. कसा चाललाय कार्यक्रम?"

त्यांनी फोन बंद केला. बुद्धप्रिया नाही, तर मग कोण? एक भलतीच शंका मनात आली आणि ते गर्रकन मागे वळले. त्यांची मुलगी संस्कृती याच कॉलेजात शिकत होती. ती तिसऱ्या रांगेत उभी होती, हाताची घडी घालून, थेट त्यांच्याकडे बघत. एक क्षण त्यांना हायसं वाटलं. मग अंगाचा तिळपापड झाला.

ते स्टेजवर चढले. झग्यातली बाई मागे सरली नाही. तिनं माइक बाजूला केला आणि मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"कोण आहेस तू?" त्यांनी दरडावलं. "मुखवटा काढ!"

"तुमीच काढा की."

कर्ण्याशिवायचा, हातभर अंतरावरचा आवाज. त्यांनी पुढे केलेला हात तसाच हवेत राहिला.

मग मनकर्णानं आपल्याच हातानं मुखवटा काढला.